नसलेल्या हाडाचं फ्रॅक्चर

आजचा विषय जरा अवघड आहे, म्हणून आधीच सांगतो. ऑफिसात बसून वाचत असाल आणि शेजारच्या क्यूबिकलमधलं कुणी स्क्रीनमध्ये डोकावत असेल, तर आत्ता बंद करा आणि घरी गेल्यावर वाचा. पण वाचा नक्की. आणि हसायचं असेल तर पहिल्या दोन परिच्छेदांतच हसून घ्या. मीही आधी हसलो होतो.

तर झालं असं. दोनेक वर्षांपूर्वी एका रविवारी रात्री साडेदहाला माझ्या एका जुन्या रूममेटचा फोन आला. "गाडी घेऊन येतोस का? आणि प्लीज, काही विचारू नकोस." गेलो. खाली तो आणि वहिनी उभे. तो पाय फाकवून चालत होता, चेहरा पांढराफटक. गाडीत कुणीच बोलेना. शेवटी वहिनीच वैतागून म्हणाल्या, "काल रात्रीपासून सांगतेय मी हॉस्पिटलला चल म्हणून. हा म्हणतो सकाळी बघू. सकाळी कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे गेला आणि त्यांना काय सांगितलं, तर बाथरूममध्ये घसरून पडलो!" त्या डॉक्टरांनी नीट तपासलंही नाही. मुका मार आहे, बर्फ लावा, गोळ्या घ्या, दोन दिवसांत सूज उतरेल, म्हणून घरी पाठवलं. सूज उतरली नाहीच. संध्याकाळपर्यंत सगळं काळंनिळं पडलं.

हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत पुन्हा तेच बाथरूम-पुराण सुरू झालं. मग पंचावन्नच्या आसपासचे एक युरॉलॉजिस्ट आले. त्यांनी पडदा ओढला, सगळ्यांना बाहेर काढलं आणि (मित्रानेच नंतर सांगितलं) शांतपणे दोन प्रश्न विचारले. कट्ट असा आवाज आला होता का? आणि त्यानंतर लगेच ताठरता गेली का? दोन्हीला हो. मग तिसरा, लघवीत रक्त? नाही. दोन मिनिटं तपासलं, बाहेर आले आणि ओटी तयार करायला सांगितली. ना एमआरआय, ना सीटी. आम्ही लोक एका साध्या बगसाठी तीन तास लॉग चाळतो, आणि या माणसाने दोन प्रश्नांत रूट कॉज काढून दाखवलं.

त्या रात्री ओटीबाहेरच्या स्टीलच्या बाकावर बसून मी मोबाईलवर जे वाचायला लागलो, ते नंतर अनेक वीकेंड चालू राहिलं. या प्रकाराला वैद्यकात 'पीनाइल फ्रॅक्चर' म्हणतात, म्हणजे लिंगाचं फ्रॅक्चर. आणि त्याचा इतिहास मला वाटला त्यापेक्षा खूप जुना निघाला. (मित्राची परवानगी घेऊनच लिहितोय. ओळखू येईल असे तपशील बदलले आहेत.)

आधी त्या नावातली गंमत. फ्रॅक्चर म्हटलं की हाड आलं. पण माणसाच्या लिंगात हाड नसतंच. कुत्र्यात असतं, अस्वलात असतं, अगदी आपल्या जवळच्या नातलग चिंपांझीतही लहानसं असतं. माणसात नाही. मग मोडतं काय?

सायकलचा टायर आणि ट्यूब आठवा. लिंगात लांबीच्या दिशेने स्पंजासारख्या ऊतीच्या दोन नळ्या शेजारी शेजारी असतात. त्यांत रक्त भरतं, ती आत अडकून राहतं, म्हणून ताठरता येते. या नळ्यांभोवती एक चिवट पांढरं वेष्टन असतं, त्याचं नाव टुनिका अल्बुजिनिया. हा झाला टायर. एरवी त्याची जाडी साधारण दोन मिलिमीटर. पण आत रक्त भरून तो ताणला गेला की जाडी पाव ते अर्धा मिलिमीटरवर येते. त्या अवस्थेतही तो भलताच दणकट असतो. आपलं ब्लडप्रेशर १२० असेल तर डॉक्टर खूष होतात. हा टायर फाटायला त्याच मापात साधारण १५०० च्या पुढे दाब लागतो. पण ताठर अवस्थेत अचानक वाकवलं गेलं, संबंधाच्या वेळी नेम चुकून जोडीदाराच्या जघनास्थीवर आपटलं, की क्षणभर तेवढा दाब तयार होतो. टायर फाटतो. कट्ट. आतलं रक्त एकदम बाहेर कातडीखाली पसरतं, म्हणून ताठरता लगेच जाते आणि काही मिनिटांत सूज येऊन रंग जांभळा होतो. डॉक्टर लोक याला सरळ 'वांगं' म्हणतात. भरताचं.

म्हणजे त्या सर्जनच्या दोन प्रश्नांमागे फिजिक्स होतं. आवाज म्हणजे टायर फाटला, आणि ताठरता जाणं म्हणजे हवा गेली. नुसता मार लागला असता तर सूज आली असती, पण या दोन गोष्टी एकामागोमाग घडल्या नसत्या.

आता हे आपल्याला कळतं, कारण ताठरता रक्ताने येते हे आपल्याला माहीत आहे. पण शेकडो वर्षं युरोपातल्या विद्वानांचा समज होता की ती वाऱ्याने येते! शरीरातला कुठलासा वायू तिथे भरतो म्हणे. साधारण १५०० च्या सुमारास लिओनार्दो दा विंचीने फाशी दिलेल्यांची शवं पाहून नोंद केली की तिथे वारा नाही, रक्त भरलेलं असतं. मग १६६८ साली नेदरलँड्समधल्या रेनिए द ग्राफ नावाच्या तरुण डॉक्टरने पुरुषांच्या अवयवांवर पुस्तक लिहिलं, त्यात त्याने मृतदेहात पिचकारीने पाणी सोडून ताठरता निर्माण करता येते असं दाखवलं. वय वर्षं २७. (या वयात मी सर्व्हर रीस्टार्ट करत होतो. असो.)

पण दुखणं समजण्याआधीही रोगी तर होतेच. आणि इथे गोष्ट थेट हजार वर्षं मागे जाते, स्पेनमधल्या कॉर्डोबाला. तेव्हा तिथे अरबांचं राज्य होतं. अबुल कासिम अल-झहरावी नावाचा एक मोठा वैद्य तिथे होऊन गेला, साधारण ९३६ ते १०१३ हा त्याचा काळ. त्याने 'किताब अल-तसरीफ' हा तीस भागांचा ग्रंथ लिहिला. त्यातला शेवटचा भाग शस्त्रक्रियेवर, हत्यारांच्या चित्रांसकट. बाराव्या शतकात त्याचं लॅटिन भाषांतर झालं आणि पुढे कित्येक पिढ्या युरोपातले सर्जन ते वाचूनच शिकले.

या दुखण्याची पहिली लेखी नोंद म्हणून याच अबुल कासिमचं नाव घेतलं जातं. आणि ती नोंद कुठे आहे? मोडलेल्या हाडांच्या प्रकरणांत! उपचार काय, तर पाळीव हंसाच्या गळ्याची नळी घ्यायची, ती त्यावर चढवायची, वरून कापडाची पट्टी बांधायची आणि बरं होईपर्यंत तसंच ठेवायचं. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसलो. नंतर विचार केला तर यात मूर्खपणा काहीच नाही. हाड मोडलं की बाहेरून आधार द्यायचा, हलू द्यायचं नाही, हे त्या काळातलं उत्तम ज्ञान. प्लास्टर नाही, रबर नाही. मऊ, लवचीक, योग्य मापाची नळी आणायची कुठून? त्याने हाताशी होतं ते वापरलं. उत्तर चुकीच्या मॉडेलवर बांधलेलं होतं, पण लाजून प्रश्नच टाळला नाही, हे महत्त्वाचं. पुढच्या कित्येक शतकांत तेवढंही फार कुणी केलेलं दिसत नाही.

आधुनिक वैद्यकाच्या छापील नोंदींत हे दुखणं ठळकपणे दिसतं ते विसाव्या शतकात. १९२४ साली मालिस नावाच्या डॉक्टरने एका जर्मन सर्जरीच्या नियतकालिकात अशा केसबद्दल लिहिलं. १९३६ साली अमेरिकेत फेटर आणि गार्टमन यांनी 'ट्रॉमॅटिक रप्चर' म्हणून एक केस छापली. मग हळूहळू केसेस येत गेल्या, पण एकेक, दोनदोन. ज्या सर्जनने आयुष्यात अशी एकच केस पाहिली, तो त्याबद्दल ठामपणे काय सांगणार?

आणि म्हणून दीर्घकाळ चाललेला उपचार होता तो थांबून बघण्याचा. बर्फ लावा, घट्ट पट्टी बांधा, लघवीसाठी नळी घाला, सूज उतरायची औषधं द्या. ताठरता येऊ नये म्हणून झोपेची औषधं, इतकंच काय, इस्ट्रोजेनसारखी स्त्री-संप्रेरकंसुद्धा द्यायचे. दोनेक आठवड्यांत सूज उतरायची, रंग मूळपदावर यायचा, पेशंट घरी. फाईलवर शेरा: बरा झाला.

आपल्या धंद्यातल्या माणसाला इथे लगेच काहीतरी खटकायला हवं. टिकेट क्लोज झालं, पण बग फिक्स झाला का? मोजलं काय जात होतं, तर सूज. आणि सूज तर फाटलेला टायर न शिवताही उतरते, कारण बाहेर सांडलेलं रक्त शरीर हळूहळू शोषून घेतं. खरा निकाल कळायचा काही महिन्यांनी. जिथे फाटलं तिथे जखम जशी जमेल तशी भरायची, कडक व्रण तयार व्हायचा, तो ताणला जायचा नाही, त्यामुळे लिंग कायमचं वाकडं व्हायचं. कुणाला संबंधाच्या वेळी दुखायचं, कुणाला ताठरताच यायची नाही. आता मला सांगा, एकदा कसाबसा धीर करून हॉस्पिटलात गेलेला माणूस, लग्न झालेला, पन्नाशी-साठीच्या दशकातला, हे सांगायला पुन्हा त्याच डॉक्टरकडे किती वेळा गेला असेल? तो येत नव्हता, म्हणून तो बरा झालाय असं धरलं जात होतं. लाजेमुळे पेशंट उशिरा यायचा, आणि त्याच लाजेमुळे डॉक्टरांना चुकीचा फीडबॅक मिळायचा. सगळी सिस्टिमच आंधळी.

चित्र बदललं ते १९७० आणि ८० च्या दशकांत. नुसते थांबलेले पेशंट आणि लगेच टाके घातलेले पेशंट, दोघांचं पुढे काय झालं याची तुलना करणारे लेख यायला लागले, आणि पारडं उघडपणे ऑपरेशनच्या बाजूने झुकलं. फाटलंय ना, मग शिवा. इतकं साधं.

ऑपरेशनही तसं साधंच. सुंतेच्या जागी गोलाकार छेद घेऊन कातडी मोजा उलटावा तशी मागे सरकवतात, गोठलेलं रक्त साफ करतात, फाटलेली जागा शोधतात आणि विरघळणाऱ्या धाग्याने ती बंद करतात. बहुतेक वेळा चीर आडवी आणि एकाच बाजूच्या नळीला असते. मूत्रमार्गही फाटला असेल तर तोही शिवतात आणि काही दिवस कॅथेटर ठेवतात. हे दुसरं प्रकरण गंभीर, म्हणूनच तो तिसरा प्रश्न: लघवीच्या तोंडाशी रक्त दिसलं का, लघवी अडली का? तसं असेल तर मूत्रमार्ग तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही.

मग राहिला प्रश्न निदानाचा. १९८५ साली ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरीत नारायणसिंग आणि राजू या दोन डॉक्टरांचा एक छोटा लेख आला. नारायणसिंग हे कॅरिबियन बेटांमधल्या त्रिनिदादचे सर्जन. त्यांनी सांगितलेली खूण 'रोलिंग साइन' म्हणून ओळखली जाते. फाटलेल्या जागेवर रक्ताची घट्ट गुठळी जमते. बोटांनी हलकेच चाचपलं की ती एका जागी पक्की बसलेली लागते आणि वरची कातडी तिच्यावरून घरंगळल्यासारखी सरकते. टायर नेमका कुठे फाटलाय हे बोटांना कळतं. खर्च शून्य. पंक्चरवाल्या काकांची आठवण आल्याशिवाय राहत नाही.

त्यानंतर अल्ट्रासाउंड आलं, एमआरआय आलं, आणि त्यांचा उपयोगही आहे. कारण कधी कधी टायर शाबूत असतो आणि वरची एखादी शीर तुटलेली असते. सूज आणि रंग तसाच, पण आवाज आणि ताठरता जाणं ही जोडी सहसा नसते. तेव्हा शंका असेल तर स्कॅन. पण अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनने २०१४ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात: आवाज, लगेच गेलेली ताठरता, सूज, काळंनिळं पडणं, हे जुळत असेल तर फ्रॅक्चर समजा आणि विनाविलंब ऑपरेशन करा. सगळ्यात महत्त्वाचं टेस्टिंग म्हणजे पेशंटने खरं सांगणं. 'बाथरूममध्ये पडलो' हा इनपुट दिला, तर जगातला कुठला डॉक्टर बरोबर आउटपुट देणार? कोपऱ्यावरच्या डॉक्टरांवर मी त्या रात्री खूप चिडलो होतो. त्यांनी नीट तपासायला हवं होतं हे खरंच. पण अर्धी चूक आमच्या साहेबांची होती.

या इतिहासातला मला सगळ्यात भिडलेला भाग मात्र इराणमधला. पश्चिम इराणात केरमानशाह नावाचं शहर आहे, कुर्द लोकवस्तीचा भाग. तिथल्या जवाद झरगूशी या युरॉलॉजिस्टने २००० साली एक लेख छापला: एका शहरातले १७२ पेशंट. जगभरातून एकदोन एकदोन केसेस छापून येत असताना एकाच ठिकाणी १७२! २००९ सालच्या लेखात हा आकडा ३५२ झाला, १८ वर्षांचा पाठपुरावा. कारण काय, तर तिथली एक सवय. तिला कुर्दी शब्द आहे 'ताकांदन', म्हणजे कट्ट आवाज काढणं. अवेळी ताठरता आली की ती घालवायला बुंधा धरून वरचा भाग झटक्याने वाकवायचा. आपण बोटं मोडतो ना, तसंच निरुपद्रवी आहे अशी समजूत. बहुसंख्य पेशंट या सवयीतून आलेले होते. इतर देशांत मुख्य कारण संबंध, इथे मात्र चारचौघांत लाज वाटू नये म्हणून केलेली खटपट.

झरगूशींनी सवयीची टिंगल केली नाही. पेशंट मोजले, ऑपरेशनं केली, वर्षानुवर्षं परत बोलावून विचारलं, कसं चाललंय? ऑपरेशन झालेल्यांपैकी बहुतेकांचं लैंगिक आयुष्य पुढे व्यवस्थित राहिलं, हे त्यातून दिसलं. जो फीडबॅक विसाव्या शतकात गायब होता, तो या माणसाने चिकाटीने गोळा केला.

२००२ साली नायजेरियातल्या एके या सर्जनने तोवरच्या जगभरच्या लेखांचा आढावा घेतला, तर छापील केसेस भरल्या १३३१. आणि २०१६ साली ५८ अभ्यासांतल्या ३२१३ पेशंटची आकडेवारी एकत्र करून पाहिली गेली. निष्कर्ष दोन. नुसतं थांबण्यापेक्षा ऑपरेशनने गुंतागुंत स्पष्टपणे कमी होते. आणि उशिराच्या ऑपरेशनपेक्षा लवकरचं बरं, कारण त्यातही गुंतागुंत कमी. मात्र ताठरता कायमची जाण्याच्या बाबतीत लवकर आणि उशिरा यांत मोठा फरक दिसला नाही. हे दुसरं वाक्य मी मुद्दाम लिहितोय. कुणी दोन दिवस लाजून घरी बसला असेल, तर 'आता उशीर झाला, काय उपयोग' म्हणून त्याने तिसरा दिवसही घालवू नये. उठावं आणि जावं.

आता थोडं कामाचं. असं काही झालं तर युरॉलॉजिस्ट असलेल्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत तडक जा, रात्र असली तरी. सरळ करायचा प्रयत्न करू नका. जाताना वाटेत काही खाऊ-पिऊ नका, भूल द्यावी लागेल. लघवीत रक्त आलं किंवा लघवी अडली असेल तर न विचारता सांगा. आणि काय करताना झालं ते जसंच्या तसं सांगा. ऑपरेशननंतर महिना-दीड महिना संबंध नाही, ते डॉक्टर सांगतीलच. जोडीदाराने स्वतःला दोष द्यायचं कारण नाही, हेही सांगून ठेवतो, कारण वहिनी त्या बाकावर बसून तेच करत होत्या.

आमचं ऑपरेशन तासाभरात झालं. एकाच बाजूला चीर होती, मूत्रमार्ग शाबूत. पहाटे डॉक्टर बाहेर आले, "वेळेत आलात म्हणता येणार नाही, पण आलात" एवढं म्हणाले आणि चहाला निघून गेले. तिसऱ्या दिवशी मित्र घरी. ऑफिसात त्याने हर्नियाचं ऑपरेशन म्हणून सांगितलं, ते मी समजू शकतो. एचआरला सगळं सांगायची गरज नसते, डॉक्टरला असते.

मागच्या महिन्यात त्याच्या मुलीच्या बारशाला गेलो होतो. पेढा देताना वहिनी हळूच म्हणाल्या, "ते लिहिणार होतात ना तुम्ही? लिहा. दुसऱ्या कुणाची तरी रात्र वाचेल."

म्हणून लिहिलं. आता हा टॅब बंद केलात तरी चालेल.